पावसात मागचं चाक पुन्हा पुन्हा सरकतंय? ड्युअल-स्पोर्ट बाइकला नवा टायर घेण्याआधी हे तपासा

दर वर्षी मिरग लागला की हिमालयन, एक्सपल्स किंवा डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणाऱ्या तशाच उंच बाइक चालवणाऱ्यांची एकच तक्रार सुरू होते: मागचं चाक सरकतं, कोणता टायर घालू? कुणी मोठ्या बटनांचा, म्हणजे उंच सुट्या रबरी ठोकळ्यांचा, टायर सुचवतो, कुणी परदेशी कंपनीचा महाग टायर. चांगले पैसे मोजून टायर येतो, आठवडाभर समाधान वाटतं, आणि गोव्यातल्या पर्वरीच्या उतारावर किंवा साखळी शहराच्या पुढच्या वळणावर चाक पुन्हा तसंच सरकतं.

टायर बदलूनही तक्रार जात नाही, कारण निदान झालेलंच नसतं. चाक कशावर सरकलं, त्या क्षणी तुम्ही काय करत होता आणि चाकात हवा किती होती, एवढं कळल्याशिवाय कोणताही टायर सुचवणं म्हणजे अंदाज आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: गोव्यात रोज बाइक चालवणाऱ्या बहुतेकांना चिखलाचा टायर लागत नाही. त्यांना ओल्या डांबरावर धरून राहणारा आणि कच्चा रस्ता निभावून नेणारा टायर लागतो. बटन टायर दिसायला दणकट असतो, पण या कामात तो मागे पडतो.

चाक कशावर सरकलं?

सगळ्यात जास्त प्रकरणं तांबड्या मातीच्या पातळ थराची असतात. आपल्याकडची माती जांभ्या दगडाची. त्यात लोह भरपूर, आणि तिचे बारीक कण पाण्यात मिसळले की गुळगुळीत लेप होतो. पावसाचं पाणी कडेची माती डांबरावर आणून सोडतं. शेतातून बाहेर पडणारा पॉवर टिलर चाकांबरोबर चिखल आणतो. बांधकामाच्या जागेतून निघणारे टिप्पर तेच करतात. डिचोली, उसगाव, सांगे या खाण पट्ट्यात यात खनिजाची भुकटी मिसळते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर तिथले ट्रक थांबले होते. आता काही मार्गांवर ते पुन्हा दिसतात, आणि त्यांच्यामागची भुकटीही. ज्यांनी मधल्या शांत वर्षांत बाइक घेतली त्यांना या रस्त्यांचा हा स्वभाव नवा आहे.

या थरावर काय चालतं? रबराचा जास्तीत जास्त भाग रस्त्याला टेकायला हवा आणि त्या रबरात बारीक चिरा हव्यात. त्या चिरा थर कापून खालच्या डांबरापर्यंत पोचतात. मोठ्या बटनांच्या टायरमध्ये रस्त्याला टेकणारं रबर कमी, मधली मोकळी जागा जास्त. त्यात उंच बटनं ब्रेक लावताना वाकतात. म्हणून डांबरावरच्या तांबड्या लेपावर बटन टायर जास्त सरकतो, आणि नेमका हाच टायर लोक 'पावसासाठी' म्हणून घालून घेतात.

पहिल्या पावसाची गोष्ट वेगळी. मे महिन्यापर्यंत साचलेलं तेल, धूळ आणि झिजलेल्या टायरांचं रबर पहिल्या सरींनी वर येतं. दोन-तीन दिवस मुसळधार पडून रस्ता धुऊन निघाला की पकड बरीच सुधारते. तुमची तक्रार फक्त जूनच्या पहिल्या आठवड्यापुरती असेल तर टायरवर खर्च करू नका, वेग कमी करा.

आता खरा चिखल. खाजन (खाडीकाठच्या सखल) शेतांच्या बांधावरचा, काजूच्या बागायतीत शिरणाऱ्या वाटेवरचा, नव्याने उकरलेल्या रस्त्याचा. इथे बटनांचं काम आहे हे मान्य. पण आपली माती चिकट. ती बटनांच्या मधल्या जागेत भरते आणि चाक जोरात फिरलं तरच बाहेर फेकली जाते. पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये सावकाश चालवणाऱ्याच्या चाकात ती साचून राहते आणि थोड्या अंतरातच बटन टायरचा गोटा होतो. टायर आणि पुढच्या खालच्या मडगार्डमधलं अंतर कमी असेल तर हीच माती तिथे अडकून चाक जाम करते. पुढचं चाक अचानक जड वाटू लागलं तर थांबा आणि काडीने माती काढा. ते टायरचं सरकणं नसतं, पण तक्रार मात्र टायरच्या नावावर जाते.

तिसरा पृष्ठभाग शेवाळ. सड्यावरचा (माथ्यावरच्या पठारावरचा) उघडा कातळ, देवळाकडे जाणारी चिऱ्यांची वाट, झाडांखालचा कायम सावलीत असलेला रस्ता. ओल्या शेवाळावर भरवसा ठेवावा असा कोणताही टायर मला माहीत नाही. बाइक सरळ ठेवायची, ब्रेक आणि थ्रॉटल दोन्हींना हात लावायचा नाही, आणि वेग आधीच उतरवून यायचं.

फेरीबोटीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण दिवाडी आणि चोडणच्या लोकांचा हा रोजचा प्रश्न आहे. फेरीची लोखंडी फळी ओली, तिच्यावर गाड्यांच्या चाकांतून आलेला चिखल, आणि धक्क्याचा उतार खाऱ्या पाण्याने बुळबुळीत झालेला. ओल्या लोखंडावर बटनांना रुतायला काहीच नसतं, टेकणाऱ्या रबराचं क्षेत्रफळ आणि मऊपणा एवढाच आधार. पुलांवरचे लोखंडी जोड आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे यांनाही हाच हिशेब. फळीवर चढताना आणि उतरताना बाइक काटकोनात ठेवा, क्लच अर्धवट दाबून घसटत नेऊ नका, एकाच हलक्या थ्रॉटलने पार करा. मागच्या माणसाला आधी उतरवा.

त्या क्षणी तुम्ही काय करत होता?

हे प्रामाणिकपणे आठवा. वळणाच्या आधी पटकन गियर उतरवले आणि क्लच सोडला त्याच क्षणी मागचं चाक हललं, तर इंजिनच्या ओढीने चाक अडलं होतं. एक सिलिंडरच्या बाइकवर ही ओढ जोरात जाणवते. उपाय क्लच सावकाश सोडण्यात आहे. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडल्यावर सरकलं, तर बाइक सरळ होईपर्यंत हात आवरा. मागचा ब्रेक दाबल्यावर सरकलं आणि तुम्ही मागचं एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद ठेवलं असेल, तर ते डांबरावर चालू ठेवा. कच्च्या रस्त्यासाठी बंद केलेलं एबीएस घाटात उतरताना तसंच राहून जातं. चोर्ला किंवा अनमोड उतरण्याआधी डॅशवर एक नजर टाका.

या कशातलंच काही न करता, सरळ रस्त्यावर, सावकाश वेगात चाक हललं तर मात्र टायर तपासायचा. आणि सरकणारं चाक पुढचं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच बघा. मागचं सरकलेलं चाक बरेचदा सावरता येतं. पुढचं सरकलं की सावरायला वेळच मिळत नाही.

हवा

टायर बदलायच्या आधी फक्त हवा नीट करून आठवडाभर चालवून बघा, एवढी एक गोष्ट प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं.

पेट्रोलपंपावर पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांत सारखीच, आणि बहुधा जास्त, हवा भरून मिळते. पुढचा २१ इंची अरुंद टायर जास्त हवेने कडक होतो, रस्त्यावरच्या बारीक खडीवर उड्या मारतो आणि त्याचा टेकणारा भाग आणखी लहान होतो. चवथीला घरच्यांना मागे बसवून, सामान बांधून गावी गेलात, त्यासाठी मागच्या चाकात हवा वाढवली, आणि परत आल्यावर ती तशीच राहिली, हेही नेहमीचं.

एकट्यासाठी किती आणि दोघांसाठी किती, हे बाइकच्या पुस्तिकेत आणि चेनगार्ड किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर लिहिलेलं असतं. हवा थंड टायरवर मोजा, म्हणजे सकाळी, बाइक बाहेर काढण्याआधी. तापमान दहा अंश वाढलं की दाब साधारण एक ते दीड पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप) वाढतो, त्यामुळे फोंड्याहून पणजीला पोचल्यावर मोजलेला आकडा खोटा दिलासा देतो. स्वतःचा गेज घ्या. दोन पंपांचे आकडे जुळत नाहीत, पण एकच गेज वापरलात तर निदान स्वतःशी तुलना करता येते.

कच्च्या रस्त्यावर हवा कमी करणं योग्य आहे. पण ट्यूबच्या चाकात मी २० पीएसआयच्या खाली जात नाही. त्याखाली काय होतं ते पंक्चरच्या भागात येईल. आणि डांबरावर परतल्यावर हवा पुन्हा भरायची, घरी पोचेपर्यंत थांबायचं नाही. सायकलचा हातपंप किंवा बॅटरीवर चालणारा छोटा पंप सोबत असू द्या.

टायर म्हातारा झालाय का?

कडेवर डॉट (DOT) अक्षरांपाशी चार आकडे एका लंबगोलात असतात. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. नक्षी शिल्लक असली तरी रबर वर्षांबरोबर कडक होतं, आणि आपल्याकडचं ऊन त्यात भर घालतं. नखाने दाबून बघा, बटनांच्या मुळाशी बारीक भेगा शोधा. नवा घेतानाही हे आकडे बघा. २१ आणि १८ इंची मापं स्कूटरच्या टायरांसारखी भराभर खपत नाहीत, दुकानात पडून राहतात. दोन वर्षांहून जुना 'नवा' टायर मी घेणार नाही.

मग झिजण्याचा आकार. रोज राष्ट्रीय महामार्ग ६६ वर सरळ जाणाऱ्याचा टायर मध्यभागी चपटा होतो, बाजू तशाच राहतात. असा टायर घाटात वळणावर कलताना चपट्या भागाच्या कडेवरून एकदम खाली उतरतो. चालवणाऱ्याला वाटतं चाक सरकलं, खरं तर ते पडतं. वाहनाच्या मागे उभं राहून बघितलं तर हा चपटेपणा लगेच दिसतो. खाचांमधल्या टीडब्ल्यूआय (झिजेची मर्यादा दाखवणाऱ्या) खुणेपर्यंत नक्षी आली असेल तर आणखी निदान करत बसू नका.

मग कोणता घ्यायचा?

आधी माप. हिमालयन ४११ ला पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/९०-१७, एक्सपल्स २०० ला पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८, हिमालयन ४५० ला मागे १४०/८०-१७. रुंद टायर घातला की पकड वाढते हा समज फार घट्ट आहे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा गोल होतो आणि रस्त्याला टेकणारा पट्टा उलट कमी होऊ शकतो. वर चेन आणि मडगार्डशी अंतर घटतं, म्हणजे चिखल अडकायला सोय. उंचीचाही हिशेब आहे. १२०/९०-१७ चा व्यास सुमारे ६४८ मिलिमीटर, १३०/८०-१७ चा सुमारे ६४०. फरक लहान दिसतो, पण स्पीडोमीटर आणि एबीएस दोन्ही या व्यासावर आधारलेले आहेत. कंपनीचं माप ठेवा.

मापापुढे आकडा आणि अक्षर असतं. ५४ म्हणजे त्या टायरवर २१२ किलोपर्यंत भार, ६४ म्हणजे २८० किलो. अक्षर वेगाचं: क्यू १६०, एस १८०, एच २१० किलोमीटर ताशी. मूळ टायरपेक्षा भाराचा आकडा कमी असलेला टायर घेऊ नका, विशेषतः जोडीने आणि सामानासह फिरत असाल तर.

आता जात. विक्रेते ५०-५०, ७०-३०, ८०-२० असं सांगतात: पहिला आकडा डांबराचा, दुसरा कच्च्याचा. हे कोणत्या मानकाने ठरत नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मनाने सांगते. टायरच्या नावातल्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नका. कॉन्टिनेंटलच्या टीकेसी ७० पेक्षा टीकेसी ८० जास्त बटनवाला आहे. एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) ही खूणही आपल्या जांभ्या मातीची हमी देत नाही. त्यापेक्षा टायर हातात घ्या आणि बघा: मधोमध रबराची सलग किंवा जवळजवळ सलग रांग आहे का, ठोकळ्यांवर बारीक चिरा आहेत का, खांद्याकडचे ठोकळे मोकळे आहेत का. मधे सलग आणि खांद्याला मोकळा, हा आपल्या रोजच्या रस्त्यांसाठी सगळ्यात समतोल आकार. माहितीत सिलिकायुक्त रबर लिहिलं असेल तर ओल्यावर त्याचा फायदा होतो.

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा अशी रोजची ये-जा आणि महिन्यातून एखाद वेळी केरी किंवा नेत्रावळीकडे चक्कर, अशांनी दोन्ही चाकांना ८०-२० जातीचा टायर घ्यावा. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आत राहणारे, ज्यांच्या घरापर्यंत डांबर नाही, त्यांनी मागे ५०-५० आणि पुढे ७०-३० असा जोड बघावा. पुढे बटन टायर घातल्यावर चिखलात हँडल ऐकतं हे खरं, आणि कच्च्या रस्त्यावरच जगणारे अनुभवी लोक म्हणूनच पुढचा टायर आधी बदलतात. पण ओल्या डांबरावर थांबण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. ज्याला रोज शाळेच्या मुलांमधून, कदंब बसच्या मागून, भर पावसात जायचं आहे, त्याने पुढचं चाक डांबराकडे झुकलेलंच ठेवावं. या मुद्द्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. दोन्हीकडे पूर्ण बटन टायर फक्त त्यांनी घ्यावा ज्यांची बाइक खासगी जमिनीवर किंवा ट्रॅकवर चालते, कारण रोज महामार्गावर नेलात तर मधली बटनं काही हजार किलोमीटरमध्ये बसतात आणि पैसे जातात.

वाळूचा विचार करून टायर निवडू नका. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे आणि दंड होतो. अभयारण्यातल्या वाटांवरही परवानगीशिवाय जाता येत नाही.

पंक्चर पुन्हा पुन्हा होत असेल तर

याचा टायरच्या निवडीशी जवळचा संबंध आहे, म्हणून इथेच लिहितो. पंक्चर काढताना ट्यूब तुम्ही स्वतः बघा, भोक कुठे आहे ते सगळं सांगतं. बाहेरच्या बाजूला एक भोक असेल तर खिळा किंवा काटा, नशिबाचा भाग. शेजारी शेजारी दोन फटी असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटली. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर कमी हवेमुळे टायर रिमवर फिरला आणि ट्यूबला ओढत गेला. असं होण्याआधी व्हॉल्व्ह तिरका दिसू लागतो, तेव्हाच हवा पूर्ण सोडून तो सरळ करून घ्या. व्हॉल्व्हची खालची चकती रिमवर घट्ट आवळू नका, म्हणजे हा तिरकेपणा वेळेत दिसेल.

आणि भोक आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर स्पोककडे बघा. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत स्पोकचे निपल (रिममधले छोटे नट) गंजतात, त्यांच्यावर ट्यूबखाली असलेली रिमची पट्टी कुजते किंवा सरकते, आणि गंजलेलं टोक ट्यूबला आतून घासत राहतं. अशा चाकाला कितीही महाग टायर घाला, पंक्चर थांबणार नाही. दर वेळी टायर उघडला की पट्टी बदला. तिची किंमत अगदी किरकोळ आहे. ट्यूबलेस टायर ट्यूबच्या रिमवर ट्यूबसह बहुतेक वेळा चालतो. उलटं, म्हणजे ट्यूबचा टायर बिनट्यूबचा चालवणं, करू नका.

घालून घेताना

कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला हवा. काही टायर पुढे आणि मागे दोन्हीकडे बसतात आणि त्यांच्यावर दोन बाण असतात, एकेका चाकासाठी वेगळा. उलटा बसलेला टायर पाणी नीट बाहेर टाकत नाही, म्हणून दुकानातून निघण्याआधी बघून घ्या. कडेवर रिमला लागून एक बारीक उंच रेघ असते. ती चाकाच्या सगळ्या घेरात रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, चाक डगमगेल. साबणाचं पाणी लावून पुन्हा हवा भरायला सांगा. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी आणतात, ती टायरची हलकी बाजू.

नव्या टायरचा पृष्ठभाग कारखान्यातून गुळगुळीत येतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर कलणं आणि ब्रेक दोन्ही हळूहळू वाढवत न्या. पावसात नवा टायर घालून लगेच घाटात गेलेल्याची 'नवा टायरही सरकतो' ही तक्रार बरेचदा इथेच संपते. जमलं तर मे महिन्यातच टायर बदला, म्हणजे कोरड्या रस्त्यावर तो घासून तयार होईल. तेवढं अंतर झालं की सकाळी थंड टायरवर हवा पुन्हा मोजा, व्हॉल्व्ह सरळ आहे का बघा, आणि प्रत्येक स्पोक पान्याने हलकेच वाजवून बघा. ज्याचा आवाज बोदा येईल तो सैल झालाय, तो स्पोक बसवणाऱ्याकडून ताणून घ्या.